०-५ ची मॅच की गेल्या उन्हाळ्यातला स्क्वॉड? मुंबई सिटीचं नक्की कुठे चुकलं

निळा_नॉर्थस्टँड

मंडळी, आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) २०२४-२५ सीझनमधली २९ मार्चची बंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवरची मॅच होऊन चार दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये. ०-५, तेही नॉकआउटमध्ये, आणि ज्या बंगळुरूला आपण ११ मार्चला त्याच मैदानावर २-० हरवून प्लेऑफची सहावी, म्हणजे शेवटची जागा मिळवली त्याच बंगळुरूकडून. अठरा दिवसांत एवढा फरक पडत नसतो. म्हणून मला वाटतंय की ही एका रात्रीची गोष्ट नाही, सीझनभर जे झाकलं जात होतं ते त्या रात्री उघडं पडलं.

सगळीकडे एकच चाललंय, कोच क्रात्कीला काढा. मला ते पटत नाही. याच माणसाने डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे सीझन अर्धवट चालू असताना टीम हातात घेतली, शिल्ड (लीग टेबलमध्ये पहिल्या येणाऱ्या टीमची ट्रॉफी) शेवटच्या मॅचला एका पॉइंटने गेली (आपले ४७, मोहन बागानचे ४८) आणि तीनच आठवड्यांत कोलकात्याच्या त्याच सॉल्ट लेक मैदानावर त्याच बागानला फायनलमध्ये ३-१ हरवून आपण कप घेऊन आलो. तो कोच एका वर्षात सगळं विसरला असं होत नाही.

मग बदललं काय? माणसं. कप उचलल्यानंतर अपुइया मोहन बागानला गेला, आणि भेके, नोगेरा, दियाझ हे तिघं बंगळुरूला. सेंटरबॅक (भेके), मधला माणूस (अपुइया), क्रिएटिव्ह मिडफिल्डर (नोगेरा) आणि स्ट्रायकर (दियाझ), म्हणजे टीमचा अख्खा कणाच एका उन्हाळ्यात गेला. आणि परवा आपल्याला पाचवा गोल मारला दियाझने. तो गोल बघताना पोटात कसं झालं ते इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

बदली खेळाडू वाईट आणले असं मी म्हणणार नाही. व्हॅन निफ, टोराल, करेलिस, गोव्याहून ब्रँडन, कागदावर बघितलं तर एकेक चांगलं नाव आहे. पण मला वाटतं आपण पोझिशन भरल्या, कामं भरली नाहीत. मिडफिल्डर गेला, मिडफिल्डर आणला. स्ट्रायकर गेला, स्ट्रायकर आणला. पण गेलेला माणूस नक्की काय करत होता हे कोणी लिहून काढलं होतं का?

अपुइयाचंच बघा. आपला सेंटरबॅक तिरी बॉल घेऊन उभा आहे, समोरची टीम प्रेस करायला, म्हणजे अंगावर येऊन बॉल हिसकायला येतेय, अपुइया पाठीवर माणूस घेऊन खाली येतो, बॉल घेता घेताच वळतो आणि चार-पाच पावलं पळत पुढे जातो. बस एवढंच. पण तेवढ्यात समोरचे दोघं मागे पडलेले असतात, त्यांचा फुलबॅक आपल्या विंगरला, छांगतेला सोडून आत सरकतो आणि मग छांगतेला बॉल मिळतो तेव्हा त्याच्यासमोर एकच माणूस असतो, तोही मागे पळणारा. व्हॅन निफचा पास मला मनापासून आवडतो, लांबचा बॉल तो फार सुंदर टाकतो, पण तो बॉल घेऊन पळणारा खेळाडू नाही, तो बघतो, मग देतो. आणि त्याने बघेपर्यंत समोरच्यांची लाईन बसलेली असते. मग तिरीकडून मेहताब, मेहताबकडून फुलबॅक, फुलबॅककडून परत तिरी. मी सीझनभर नॉर्थ स्टँडमधून बघितलंय, छांगते लाईनवर उभा राहून दोन्ही हात पसरून बॉल मागतोय आणि शेवटी बॉल येतो तेव्हा तो जागेवर उभा असतो आणि अंगावर दोघं असतात. लागोपाठ दोन वर्षं एआयएफएफचा (भारतीय फुटबॉल महासंघ) प्लेअर ऑफ द इयर झालेला खेळाडू आपल्याकडे आहे आणि आपण त्याला उभ्या उभ्या बॉल देतोय!

आता आकडे बघा. २४ मॅचमध्ये २९ गोल, टॉप सिक्समध्ये सगळ्यात कमी. सातव्या नंबरवर राहिलेल्या ओडिशाचे ४४ आहेत. २०२२-२३ ला आपण २० मॅचमध्ये ५४ मारले होते. आणि या सीझनची पहिलीच मॅच आठवा, सॉल्ट लेकला ०-२ वरून २-२ केली तेव्हा किती खूश झालो होतो, पण ते दोन्ही गोल कोणाचे? तिरी आणि क्रौमा, दोघंही सेंटरबॅक. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

माझे प्रश्न दोन. एक, हीच माणसं हातात असताना क्रात्कीने सिस्टम बदलायला हवी होती का, म्हणजे व्हॅन निफच्या बाजूला एक पळणारा, बॉल हिसकावणारा माणूस देऊन ब्रँडनला त्यांच्या पुढे मोकळं सोडायचं वगैरे? आणि दोन, पुढच्या सीझनला पहिली सही कोणाची हवी? माझं मत, स्ट्रायकर नाही, भारतीय सेंट्रल मिडफिल्डर. तुम्हाला काय वाटतं?

रिव्हर्स_पास

लिहिलंयस छान आणि अपुइयाबद्दल शंभर टक्के सहमत, पण मुख्य मुद्दा मला पटत नाही. माणसं जाणं आपल्याला नवीन आहे का? ५४ गोल ज्या टीमने मारले त्यातला जाहूह २०२३ ला ओडिशाला गेला, फॉल गेला, ग्रेग स्टुअर्ट तर जानेवारी २०२४ ला सीझनच्या मधूनच गेला, तेव्हाचा कोच बकिंगहॅम त्याच्याही आधी ऑक्सफर्डला गेला. एका सीझनमध्ये कोचपासून प्लेमेकरपर्यंत सगळं हललं तरी आपण कप जिंकलो. मग यंदाच का जमलं नाही?

माझं उत्तर, कारण त्या टीमला बॉल गेल्यावर काय करायचं ते पाठ होतं आणि या टीमला नाही. दियाझचे गोल सगळ्यांना आठवतात, मला त्याचं पळणं आठवतं. समोरच्या सेंटरबॅकच्या अंगावर तो असा जायचा की त्याला बॉल एकाच बाजूला द्यावा लागायचा, आणि त्या बाजूला आपले तिघं आधीच सरकलेले असायचे. प्रेस पुढून सुरू व्हायचा. करेलिस बॉक्समध्ये चांगला आहे, गोलही केलेत त्याने, पण तो त्या कामासाठी आणलेला माणूस नाही, आणि पहिला माणूसच अर्धवट गेला की मागचे जाऊ की नको करत बसतात. विंगर वर, मिडफिल्ड मध्येच, डिफेन्स खाली, तीन तुकडे. त्या मधल्या जागेत नोगेरासारखा माणूस समोर असेल तर तो खेळणारच, त्याला तर आपली टीम कशी हलते ते आतून माहीत आहे.

म्हणून मी याला कोचिंगचा प्रश्न म्हणेन. जी माणसं आहेत त्यांना उंच प्रेस जमत नसेल तर सगळी टीम दहा यार्ड खाली आण, मधली जागा बंद कर आणि छांगतेला मोकळ्या मैदानात पळायला दे. ते अर्धवट वर, अर्धवट खाली सीझनभर चाललं. ९ ड्रॉ त्याचेच आहेत. पुढे असताना मॅच मारून टाकता येत नव्हती आणि बंदही करता येत नव्हती.

काढा म्हणत नाही मी पण. पण त्याला जबाबदारीतून सोडूही नका.

पाच_नंबर

डिफेन्सबद्दल थोडं, कारण सगळे मिडफिल्डवरच बोलताय. २४ मॅचमध्ये २८ गोल खाल्ले, हे काही भयंकर नाही, आपल्या वरच्या बंगळुरूने ३१ आणि जमशेदपूरने ४३ खाल्लेत. पण आपण खातो तेव्हा एकदम खातो. डिसेंबरच्या शेवटी अंधेरीत, आपल्याच मैदानावर नॉर्थईस्टकडून ०-३, मग दोन आठवड्यांच्या आत तिथेच जमशेदपूरकडून ०-३, आणि आता हे. पहिला गोल बसला की मागे ओरडून लाईन धरायला लावणारा कोणी नाही. भेके ते करायचा. मुंबईचाच पोरगा, कॅप्टन म्हणून कप उचलला आणि पुढच्या सीझनला समोरच्या जर्सीत. त्याच्या वेगाबद्दल लोक बोलायचे, पण त्याच्या आवाजाची किंमत तो गेल्यावर कळली.

शनिवारचा_कोच

निळा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो कारण माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी. म्हणजे अकरातले सात भारतीय. परदेशी खेळाडू गेला तर दुसरा शोधायला सगळं जग मोकळं आहे, बजेट आणि स्काउटिंग नीट असेल तर दियाझ नाही तर दुसरा कोणी मिळतो. पण दबावाखाली बॉल घेऊन वळणारा भारतीय सेंट्रल मिडफिल्डर? देशात किती आहेत, एका हाताची बोटं पुरतील. आपण २०२१ मध्ये अपुइयाला नॉर्थईस्टकडून आणलं तेव्हा तो नुकताच लीगचा इमर्जिंग प्लेअर ठरला होता, आणि तीन वर्षं आपल्याकडे घडून तो तयार झाल्यावर गेला थेट आपल्या सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याकडे. बागानने यंदा ५६ पॉइंट घेऊन शिल्ड मारली. म्हणजे आपलं एक गेलं आणि त्यांचं एक वाढलं, नुकसान दुप्पट.

आणि त्याची जागा भरायला आपण परदेशी स्लॉट वापरला. हे मला सगळ्यात महागात पडलेलं वाटतं. पूर्वी मध्ये अपुइया असायचा म्हणून ती परदेशी जागा पुढे वापरता यायची. यंदा तिरी, व्हॅन निफ, करेलिस धरले की उरला एकच, त्यात टोराल की क्रौमा की दुसरं कोणी हा घोळ दर मॅचला. म्हणून रिव्हर्स म्हणतो ते कोचिंगचे प्रॉब्लेम खरे असले तरी त्यातले बरेच या एका निर्णयातून आलेत.

मी शनिवार-रविवार बारा-तेरा वर्षांच्या पोरांना शिकवतो. बॉल घेता घेता वळणं ही गोष्ट शिकवायला किती वेळ लागतो ते दर आठवड्याला बघतो. पास सुटायच्या आधी एकदा खांद्यावरून मागे बघायचं, बॉल वाटेत असताना परत एकदा बघायचं, अंग अर्धं उघडं ठेवायचं, आणि लांबच्या पायाने घ्यायचं. पोरं पहिल्यांदा बघतात, दुसऱ्यांदा विसरतात. मी पोरांना अपुइयाच्या क्लिप दाखवायचो, त्यात बॉल सोडून फक्त त्याची मान बघा म्हणायचो. सतत हलत असते. हे वयाच्या विसाव्या वर्षी मार्केटमधून विकत घ्यायला गेलं की मिळत नाही, म्हणून ज्याच्याकडे आहे त्याला सोडायचं नसतं.

सही कोणाची, तर मी नाव घेणार नाही, पण वीस-एकवीसचा कोणीतरी आय-लीगमधून (आयएसएलच्या खालची लीग) किंवा छोट्या आयएसएल टीममधून उचला आणि त्याला पहिल्या सीझनला पंधरा मॅच तरी सुरुवातीपासून खेळवा. चुका करेल. करू दे.

निळा_नॉर्थस्टँड

रिव्हर्स, प्रेसचा मुद्दा मान्य. मी दियाझला गोल आणि हालचाल एवढ्यातच धरला होता, तो पहिला डिफेंडर होता हे मी लिहायला हवं होतं. पण "तेव्हा माणसं जाऊनही जमलं" याचं उत्तर कोचदादांनी दिलं असं मला वाटतं. तेव्हा जाहूह गेला, स्टुअर्ट गेला, फॉल गेला, सगळे परदेशी. भारतीय गाभा तसाच होता, अपुइया, भेके, छांगते, बिपिन, मेहताब, विक्रम, लाचेन्पा. गोव्यातल्या फातोर्ड्याची ती सेमीफायनल आठव, एप्रिल २०२४, नव्वदाव्या मिनिटापर्यंत ०-२, आणि मग छांगते, विक्रम, परत छांगते, ३-२. तिन्ही गोल भारतीय पोरांचे. त्या रात्री गोव्याकडून आपल्याला एक गोल ब्रँडनने मारला होता आणि मी तेव्हाच म्हणालो होतो की हा आपल्याकडे हवा. आला, पण ज्याच्या शेजारी तो फुलला असता तो तोवर निघून गेला होता.

परदेशी स्लॉट मिडफिल्डमध्ये अडकल्याचा विचार मी या बाजूने केलाच नव्हता. आता मागच्या लाईनअप परत काढून बघतोय, खरंच दर दोन-तीन मॅचला चौथा परदेशी बदललेला आहे.

पाच नंबर, भेकेबद्दल काय बोलू. घरचा माणूस.

रिव्हर्स_पास

ठीक, भारतीय गाभ्याचा मुद्दा घेतला. तरीही एक सांगतो, २० एप्रिल २०२५ पासून भुवनेश्वरला सुपर कप आहे, तिथे बघू. तिथे क्रात्की व्हॅन निफ आणि ब्रँडन दोघांना एकत्र ठेवून तिसरा पळणारा भारतीय पोरगा टाकतो का, की परत तेच. टाकला आणि तरी मधली जागा उघडी राहिली तर माझं म्हणणं खरं. बंद झाली तर तुझं.

निळा_नॉर्थस्टँड

चालेल. आणि छांगतेला पहिला बॉल पळताना मिळतो का ते मी मोजणार आहे, वही घेऊन बसतो.