प्रगतिपुस्तकात ‘अँटीसोशल’ असा शेरा : बदलून मागावा का?

मुलुंडची_आई
मुलगा सातवीत आहे. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी इंग्रजीत शेरा लिहिलाय, ‘मूडी अँड अँटीसोशल’. तो मधल्या सुट्टीत ठरलेल्या दोन मित्रांबरोबरच डबा खातो आणि गॅदरिंगच्या नाचात नाव देत नाही. एवढंच. कुणाशी मारामारी नाही की कुणाची तक्रार नाही.

आपली वर्तमानपत्रं ‘अँटीसोशल एलिमेंट्स’ला ‘समाजकंटक’ म्हणतात. तोच शब्द मराठीत लिहायला बाईंचा हात धजावला असता का? ज्याला माणसांत फार मिसळावंसं वाटत नाही, त्याच्यासाठी इंग्रजीत ‘एसोशल’ असा निराळा शब्द आहे. मूडीचंही तसंच. आपण एखाद्या गवयाला कौतुकानं मूडी म्हणतो, लागला तर पहाटेपर्यंत गाईल असा. इंग्रजीत मूडी म्हणजे तोंड पाडून बसणारा, घडीत बरा नि घडीत चिडचिडा. तिथे कौतुक नसतं. मला शेरा बदलून हवाय. घरात मात्र दोन तट पडलेत.

परळकर
ताई, मी तुमच्या विरुद्ध बाजूचा. शब्दाचा अर्थ वापरणारे ठरवतात. आमच्या ऑफिसात ‘आज मी अँटीसोशल आहे’ म्हणजे आज मला जेवायला बोलावू नका. इंग्रजी शब्दकोशांतही ‘लोकांत न मिसळणारा’ हा अर्थ दिलेला असतो, म्हणजे बाई चुकल्या असंही म्हणता येणार नाही. तुम्ही शेऱ्यावरून शाळेत गेलात की पोराकडे सगळ्यांचं लक्ष जाणार, आणि त्याला नेमकं तेच नकोय.

मुलुंडची_आई
शब्दकोशाचं मान्य. पण ऑफिसात तुम्ही स्वतःबद्दल बोलता, हसून बोलता, समोरचा तुम्हाला ओळखतो. प्रगतिपुस्तक पुढच्या वर्षी नव्या बाईंच्या हातात पडेल आणि त्यांनी माझ्या मुलाला पाहिलेलंही नसेल.

दादरची_समुपदेशक
मी शाळकरी मुलांबरोबर काम करते, त्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहिते. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेत ‘अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हे नाव १९८० पासून आहे. त्याची लक्षणं म्हणजे दुसऱ्याच्या हक्कांची पर्वा नसणं, फसवणूक, केल्याचा पश्चात्ताप नसणं. अशी माणसं पुष्कळदा गोडबोली असतात, चारचौघांत छान रमतात. १८ वर्षं पूर्ण होण्याआधी हे निदान करतही नाहीत. बारा वर्षांच्या अबोल मुलाशी याचा काडीचा संबंध नाही.

शाय आणि इंट्रोव्हर्ट यांचीही कायम गल्लत होते. लाजाळू मुलाला खेळायला जायचं असतं, पण पाय उचलत नाही, लोक काय म्हणतील याची धास्ती असते. इंट्रोव्हर्ट मुलाला धास्ती नसते, गर्दीत त्याची शक्ती लवकर संपते. पहिल्याला धीर द्यावा लागतो, दुसऱ्याला एकांत. उलट उपाय केला तर दोघांचेही हाल होतात, म्हणून शब्दाला मी इतकी धरून बसते. कार्ल युंगने १९२१च्या ग्रंथात इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट ही जोडी मांडली, तेव्हा त्यात दोष कुणालाच दिला नव्हता.

गिरगावकर_६८
आमच्या चाळीत वीस बिऱ्हाडं, दारं सताड उघडी. तिथे कुणी इंट्रोव्हर्ट नव्हतं. मुलांना ही नावं देऊन तुम्हीच त्यांना खोलीत बसायला परवाना देता. चार माणसांत ढकला, आपोआप बोलतील.

दादरची_समुपदेशक
काका, होते की! त्यांच्यासाठी शब्दही होते. बुजरा वेगळा, भिडस्त वेगळा, मितभाषी वेगळा. एकलकोंडा, घुमा, तुसडा, माणूसघाणा यांत तर कितीतरी अंतर आहे. भिडस्त माणूस सगळ्यांत मिसळतो, त्याला फक्त नाही म्हणता येत नाही. याला इंग्रजीत नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. गणपतीत मखर करणारा एखादा अबोल मुलगा तुमच्याही चाळीत असेलच. त्याला कुणी नाचात ओढत होतं का?

गिरगावकर_६८
मखराचं खरं आहे. आमच्याकडे होता तसा एक. रात्र रात्र एकटा कागद कापत बसायचा आणि आम्ही त्याला चहा नेऊन द्यायचो. ढकलण्याबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

माझगावचा_दर्यावर्दी
जहाजावर तीस वर्षं काढली. एकदा माझ्या अहवालात ‘अलूफ’ लिहून आलं. हा मूळचा आमचाच शब्द. जहाजाचं तोंड वाऱ्याकडे धरायचं, म्हणजे ते किनाऱ्यावर आपटत नाही. म्हणजे दूर राहणं ही खबरदारी होती, पुढे त्याचा शिष्टपणा झाला. ‘सलन’ची तीच कथा. तो एकटा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, आणि आज त्याचा अर्थ घुश्शात गप्प बसलेला असा होतो. एकट्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते या दोन शब्दांतच दिसतं. ताई, शेरा बदलून घ्या.

मुलुंडची_आई
काल मुलालाच विचारलं. म्हणाला, “मूडी राहू दे, मी असतो कधीकधी. पण दुसरा काढायला सांग. मी कुणाला काय केलंय?” बुधवारी पालकसभा आहे. ‘क्वाएट’ लिहा, अशी विनंती करणार आहे.

परळकर
माझ्या मते अजूनही गरज नाही. पण जाणारच असाल तर पालकसभेत सगळ्यांसमोर विषय काढू नका. आधी फोन करून बाईंची दहा मिनिटं वेगळी मागून घ्या.