उत्खननातली वस्तू ‘धार्मिक’ होती हे ठरवतात कशावरून?

रानजाई

संग्रहालयातल्या पाट्यांवर ‘मातृदेवता’, ‘विधिपात्र’, ‘अग्निकुंड’ असं ठामपणे लिहिलेलं असतं. लिहिलेलं काहीच हाती नाही अशा काळाबद्दल हे म्हणतात कशाच्या जोरावर? मातीची बाई निघाली की देवी आणि मातीचा बैल निघाला की खेळणं, ही वाटणी कोण करतं? दुसरं, काळ धरायचा तो वस्तूचा की ती ज्या थरात सापडली त्या थराचा? तिसरं, ग्रंथ एक सांगतो आणि जमिनीतून भलतंच निघतं, तेव्हा काय मानायचं? ‘शेवटी श्रद्धेचा प्रश्न आहे’ छाप उत्तरं नकोत. पद्धत सांगा.

पांढरीचं टेकाड

पहिल्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर: वस्तूकडे बघून ठरवायचं नसतं, जागेकडे बघून ठरवायचं असतं. तीच मातीची बाई उकिरड्याच्या खड्ड्यात तुटकी सापडली तर एक अर्थ, लहान मुलाच्या दफनात सापडली तर दुसरा, आणि घराच्या जमिनीखाली मुद्दाम पुरलेली सापडली तर तिसरा. नांगराच्या फाळाला लागून वर आली असेल तर अर्थ लावायच्या भानगडीत पडू नये.

इनामगावचं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे ताम्रपाषाणयुगीन गाव खणलं. जोर्वे काळातल्या (ताम्रपाषाणयुगाचा एक टप्पा) एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती, झाकणावर दुसरी बिनशिराची स्त्रीमूर्ती आणि शेजारी बैल. बिनशिराच्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीला भोक. दोन्हींत काडी घातली की मूर्ती बैलावर उभी राहते. तुमची ‘बाई म्हणजे देवी, बैल म्हणजे खेळणं’ ही वाटणी इथेच कोसळते, कारण दोन्ही मिळून एकच वस्तू आहे. शिर मोडलेलं नाही, मुळात केलेलंच नाही. आणि सगळं कच्च्या मातीचं. रोज हाताळायची वस्तू कोणी कच्ची ठेवत नाही. एकदा वापरून पुरायची असेल तर भाजायची गरजच काय?

हे कळलं कारण तिन्ही वस्तू जागेवर असताना नोंदल्या गेल्या. उत्खननातला क्रम असा: वस्तूचं टोक दिसलं की लोखंडी अवजार बाजूला, बांबूची काडी आणि मऊ ब्रश हातात. आधी खड्ड्याची कड शोधायची, म्हणजे वरच्या जमिनीला भोक पाडून पुरलं की जमीन सारवण्याआधीच ठेवलं ते समजतं. मग जागेवरच फोटो, तिन्ही दिशांची मापं, रेखाटन, आणि त्यानंतर उचल. आतली माती फेकायची नाही. ती वेगळ्या पिशवीत, वेगळ्या क्रमांकाने. कच्च्या मातीची वस्तू पाण्याखाली धरली तर मिनिटभरात चिखल होतो, उन्हात ठेवली तर तडकते. सावलीत, हळूहळू वाळू द्यायची.

जागेशिवाय आणखी तीन गोष्टी बघतात: तसाच प्रकार पुन्हा पुन्हा आढळतो का, रोजच्या कामाच्या खुणा आहेत की नाहीत (काजळी, घासलेला तळ, निसटलेली कड), आणि मांडणीत लक्ष एका बिंदूकडे वळवलेलं आहे का. तिन्ही जुळल्या तरी आम्ही ‘बहुधा’ म्हणतो. पाटीवर जागा कमी असल्यामुळे पहिला बळी त्या ‘बहुधा’चा जातो.

रानजाई

मग राजस्थानातल्या कालीबंगा या हडप्पाकालीन स्थळाच्या ‘अग्निवेदी’ कोणत्या खात्यात? तिथे तर राख आणि कोळसा. चूलही असू शकते की.

पांढरीचं टेकाड

असू शकते, आणि घराघरांतल्या खड्ड्यांबद्दल वाद आहेच. बालेकिल्ल्यातल्या चौथऱ्यावर मात्र सात खड्डे एका ओळीत आहेत आणि जवळच विहीर आहे. दुसऱ्या चौथऱ्यावरच्या विटांनी बांधलेल्या खड्ड्यात गुरांची हाडं आणि हरणाची शिंगं निघाली. सात चुली ओळीने मांडून कोणी रोजचा स्वयंपाक करत नाही, एवढं म्हणता येतं. वैदिक यज्ञाशी नातं जोडायला मात्र हा पुरावा पुरत नाही. खड्ड्याच्या आकारावरून मंत्र कळत नाहीत.

चूल की वेदी हे ठरवायला मला राखेपेक्षा हाडं जास्त भरवशाची वाटतात. स्वयंपाकातल्या हाडांवर सुरीच्या खुणा असतात, मगजासाठी फोडलेली असतात, जनावराचे सगळे भाग मिसळलेले असतात. बळीत निवड दिसते. ग्रीसमध्ये इस्थमिया इथल्या पोसायडन या समुद्रदेवाच्या वेदीपाशी जळक्या हाडांत मांडीच्या हाडांचा भरणा आहे, आणि ग्रीक काव्यात देवाला मांडीचीच हाडं चरबीत गुंडाळून जाळतात. रंगही बोलतो: हाड काळं असेल तर आच कमी, पांढरंफटक आणि खडूसारखं असेल तर साधारण ६५० ते ७०० अंशांच्या पुढे बराच वेळ जळलेलं. भाजलेल्या मटणाचं हाड असं पांढरं होत नाही.

अट एकच, माती चाळली पाहिजे. ५ मिलिमीटरच्या चाळणीतून माशाचे काटे आणि बिया सरळ निसटतात. राखेच्या खड्ड्यातली माती पाण्यात तरंगवून ०.२५ ते ०.३ मिलिमीटरच्या जाळीवर घ्यावी लागते, आणि खड्डा लहान असेल तर नमुना कसला, सगळीच माती.

परीक्षानळी

वरच्या उत्तरात एक भर. पात्र किंवा वेदी ‘विधीची’ होती का याचं उत्तर कधीकधी तिच्यावर चिकटलेल्या थरात असतं, आणि तो थर सर्वात आधी मारतो तो धुणारा माणूस.

इस्राएलमधल्या तेल अराद किल्ल्यातलं छोटं मंदिर १९६० च्या दशकात खणलं गेलं. गाभाऱ्याच्या दाराशी चुनखडीच्या दोन वेद्या होत्या, दोन्हींच्या माथ्यावर काळपट थर. त्या काळच्या चाचण्यांनी काही ठरलं नाही. थर खरवडून टाकला नव्हता हे नशीब, कारण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात मोठ्या वेदीवर ऊद आणि प्राण्याची चरबी, तर लहान वेदीवर गांजा आणि शेण निघालं. मंदिराचा वापर इ.स.पू. आठव्या शतकातला. जळणाची निवड बघण्यासारखी आहे: चरबीने आच वाढते आणि उदाचा वास सुटतो; शेण मंद जळतं, त्यामुळे गांजा भपकन न जळता धुमसतो. म्हणजे गांजा चुकून पडलेला नाही, काय हवं ते ठरवून आच बेतली होती. बायबलमध्ये उदाचे उल्लेख भरपूर आहेत. गांजाचं नाव त्या मंदिराच्या संदर्भात कोणीच लिहून ठेवलं नव्हतं.

नमुना घ्यायचा असेल तर:

हातमोजे आधी. बोटांच्या तेलातून स्क्वालीन आणि कोलेस्टेरॉल येतं. नमुन्यात दोन्ही एकत्र दिसले तर प्राचीन चरबी नाही, कोणीतरी उघड्या हाताने खापर धरलंय. प्लास्टिकच्या पिशवीतून थॅलेट (प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं) उतरतात, म्हणून ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळा. खापरं जोडायचा डिंक, क्रमांकावर लावायचं वार्निश, सगळं नंतर. आधी खापराचा वरचा पातळ थर खरवडून टाकतात, मग आतलं एकदोन ग्रॅम चूर्ण ड्रिलने काढतात, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल २:१ प्रमाणात घेऊन स्निग्ध द्रव्यं उतरवतात, आणि ते वायुवर्णलेखनातून वस्तुमान वर्णपटमापीत (GC-MS) जातं; पहिलं यंत्र द्रव्यं वेगळी करतं, दुसरं ती ओळखतं. जिलई नसलेलं भांडं यासाठी उत्तम, त्याच्या छिद्रांत तेल-चरबी मुरलेली असते.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे शेजारच्या मातीचा नमुना. खापरात सापडलेलं द्रव्य बाजूच्या मातीतही तेवढंच असेल तर ते जमिनीतून आलंय, आणि तुमची ‘यज्ञातली तुपाची धार’ तिथेच संपते.

कोळसा आणि वाळू

काळाबद्दल. नियम साधा आहे: बंद ठेव्याचा काळ त्यातल्या सर्वात *अलीकडच्या* वस्तूवरून ठरतो. सर्वात जुन्या वस्तूवरून ठरवणं ही सगळ्यात मोहक चूक.

सोपाऱ्याचा स्तूप यासाठी पाठ करावा असा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा दगडी करंडकात तांब्याचा करंडा निघाला, त्यात चांदीचा, मग दगडी, मग स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले होते असा इंद्रजींचा तर्क. सोबत यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं नाणं, म्हणजे इ.स. दुसरं शतक. इथेच थांबलं तर स्तूपाचा ठेवा सातवाहनकालीन म्हणून मोकळं होता येतं. पण तांब्याच्या करंड्याभोवती आठ ब्राँझमूर्तींचं कडं होतं, आणि त्या शैलीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या ठरतात. म्हणजे स्तूप नंतर कधीतरी उघडला, जुना ठेवा तसाच ठेवला, नवी भर घातली आणि पुन्हा बंद केला. धर्माच्या इतिहासाच्या दृष्टीने हीच बातमी मोठी: सहा-सातशे वर्षांनंतरही त्या मातीच्या तुकड्यांचं मोल कोणालातरी ठाऊक होतं.

कार्बन-१४ बद्दल ‘यंत्राने तारीख दिली’ असं जे लिहितात त्यांनी दोन खड्डे लक्षात ठेवावेत. एक, जुनं लाकूड. खांबाच्या गाभ्याचा कोळसा झाड वाढत असतानाचा काळ सांगतो, इमारतीचा नाही. शंभर-दोनशे वर्षांची चूक सहज होते. म्हणून धान्याचा दाणा मिळाला तर तोच द्यावा, हल्ली काही मिलिग्रॅम पुरतात. दोन, इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात अंशांकनाची रेघ (मोजलेल्या कार्बनवरून खरं वर्ष काढायचा आलेख) जवळजवळ आडवी आहे. त्या काळातला कोळसा कितीही काळजीने मोजा, उत्तर चारशे वर्षांच्या पट्ट्यात पसरतं. बुद्धाचा काळ आणि यहूदाच्या (जेरुसलेम राजधानी असलेल्या प्राचीन ज्यू) राज्याचा शेवट नेमका याच पट्ट्यात, हे दुर्दैव.

त्यावर एक उतारा म्हणजे वाळूच्या कणांचं प्रकाशदीप्ती कालमापन. कणांना शेवटचा उजेड कधी लागला ते कळतं. पोलादी नळी ठोकून नमुना घ्यायचा, दोन्ही तोंडं लगेच काळ्या वेष्टनाने बंद, उघडायचं ते प्रयोगशाळेतल्या मंद लाल दिव्यात. क्षणभर ऊन लागलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

लुंबिनीत या दोन्ही पद्धती वापरल्या. मायादेवी मंदिरातल्या विटांच्या बांधकामाखाली लाकडी खांबांचे खळगे निघाले, मधली जागा उघडी आणि तिथे मुळांच्या खुणा. संशोधकांनी २०१३ मध्ये तो थर इ.स.पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेला.

रानजाई

म्हणजे बुद्धाचा काळ सिद्ध झाला?

कोळसा आणि वाळू

नाही. झाडाभोवती कुंपण होतं, एवढं दिसतं. झाडाची पूजा बौद्ध धर्माआधीही होती, आणि काही अभ्यासकांनी लगेच हाच आक्षेप घेतला. खात्रीची पायरी पुढे आहे, अशोकाचा स्तंभ. राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर तो स्वतः आला, ‘हिद बुधे जाते सक्यमुनी’ (इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले) असं कोरून घेतलं आणि गावाचा ‘बली’ नावाचा कर माफ करून उत्पन्नाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. या लेखातूनही जन्म सिद्ध होत नाही. इ.स.पू. तिसऱ्या शतकात लोक हीच जागा जन्मस्थान मानत होते, हे मात्र पक्कं होतं. कोळशावरून खांबाचं वय काढता येतं, श्रद्धेचं वय काढायला लेख लागतो.

लेखवाचक

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘कोणाचं खरं’ असं विचारलंत की गाडी रुळावरून उतरते, कारण ग्रंथ बहुतेक वेळा *काय असायला हवं* ते सांगतो आणि जमीन *काय चालत होतं* ते.

बायबलमधलं ‘अनुवाद’ नावाचं पुस्तक म्हणतो, यज्ञबळी एकाच ठिकाणी. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर मात्र ज्यू सैनिकांच्या वस्तीत याहोचं (म्हणजे याहवे या ज्यूंच्या देवाचं) मंदिर होतं. ते इ.स.पू. ४१० मध्ये पाडलं गेलं. इ.स.पू. ४०७ चं पपायरसवरचं पत्र आपल्या हातात आहे, त्यात ते पुन्हा बांधायला मदत मागितली आहे आणि जेरुसलेमच्या महायाजकालाही आधी लिहिलं होतं असं म्हटलंय. आपण काही धर्मबाह्य करतोय याची पुसटशी जाणीवही पत्रात नाही. मंदिर पुन्हा बांधायच्या परवानगीच्या टिपणात गंमत आहे: धान्यार्पण आणि धूप यांचा उल्लेख आहे, होमबळीचा नाही. न लिहिलेल्या शब्दावरही लक्ष ठेवावं लागतं ते असं.

सिनाईतल्या कुंतिलेत अजरुदच्या रांजणांवर इ.स.पू. ८०० च्या सुमाराचे लेख आहेत, ‘शोमरोनचा (समारियाचा) याहवे आणि त्याची अशेरा’. लगेच ‘देवाची बायको सापडली’ म्हणून मथळे झाले. अडचण व्याकरणाची आहे: हिब्रूत विशेषनामाला असा ‘त्याची’ प्रत्यय सहसा लागत नाही, त्यामुळे अशेरा ही देवी की तिच्या नावाचा पवित्र खांब, हा वाद अजून जिवंत आहे. माझा कल देवीकडे आहे, पण पैज लावणार नाही.

आहारनियमांचंही तसंच. बायबलनुसार पर आणि खवले नसलेला मासा निषिद्ध, पण यहूदा प्रदेशातल्या लोहयुगीन आणि पर्शियन काळातल्या थरांत खवले नसलेल्या कॅटफिशचे काटे निघतात. रोमन काळात ते घटतात. टेकाडभाऊ चाळणीसाठी का जीव टाकतात ते इथे कळेल. चाळणी नसेल तर हे काटे मातीच्या ढिगाऱ्यात जातात आणि मागे फक्त ग्रंथाचं म्हणणं उरतं.

शेवटी एक इशारा, बाजारातल्या वस्तूंबद्दल. वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयातले ‘मृत समुद्राच्या गुंडाळ्यां’चे (प्राचीन ज्यू हस्तलिखितांचे) म्हणवले जाणारे सोळाही तुकडे २०२० मध्ये बनावट ठरले. कातडं खरोखर प्राचीन होतं, म्हणून नुसत्या कार्बन चाचणीने फसवणूक उघडी पडली नसती. ती पडली सूक्ष्मदर्शकाखाली: शाई कातड्याच्या भेगांत उतरली होती आणि फाटक्या कडांवरून ओघळली होती. अक्षरं लिहिली तेव्हा ते आधीच फाटलेलं होतं.