व्हर्च्युअलबॉक्समधी उबुंटू चढूनच नाही राहिलं

तर्री_पोहा: भाऊ, व्हर्च्युअलबॉक्स (विंडोजच्या आतच दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) घेऊन त्याच्यात उबुंटू (लिनक्सवाली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकाले कालपासून लागून आहो, पण यादीत ६४-बिटचं ऑप्शनच नाही, नुसतं ३२-बिट दिसून राहिलं. लॅपटॉप विंडोजवाला, रॅम ८ जीबी. काहून होते असं?

संत्रा_बर्फी: बायोसमधी (लॅपटॉप सुरू होतानाच उघडते ते सेटिंग) जाऊन पाय, व्हर्च्युअलायझेशन (आभासी कॉम्प्युटर चालवाची प्रोसेसरची सोय) बंद असन, ते एनेबल कर. अन् त्या आभासी मशीनले ४ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क दे, आठच्या आठ देशीन तं विंडोजच झोपन, नागपूरच्या मे महिन्यातल्या माणसासारखं.

तर्री_पोहा: जमलं राजा! पण इन्स्टॉल होऊन रिस्टार्ट केलं तं पुन्हा इन्स्टॉलरच सुरू 😭

संत्रा_बर्फी: आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) काढ ना बे आभासी मशीनच्या ड्राइव्हमधून!

झिरो_माइल: अन् गेस्ट अ‍ॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचंच जोड-सॉफ्टवेअर) टाकजो, नाहीतं स्क्रीन पोस्टकार्डाएवढीच राहते.