हेटरोक्रोमॅटिनमधला (घट्ट वळलेल्या भागातला) तुटलेला डीएनए कडेलाच का दिसतो?

पेट्रीडिश: एनआयएच ३टी३ (उंदराच्या) पेशी, २ ग्रे (किरणमात्रेचं एकक) एक्स-रे. गॅमा-एच२एएक्सचे (डीएनए तुटल्याची खूण) बहुतेक ठिपके काही तासांत विझतात. २४ तासांनी उरलेले मात्र डॅपीत (डीएनएला चिकटणारा रंग) लख्ख दिसणाऱ्या क्रोमोसेंटरच्या (हेटरोक्रोमॅटिनचा गोळा) कडेला चिकटलेले, आत एकही नाही. आत दुरुस्तीच होत नाही, की अँटीबॉडी शिरत नाही?

स्लाइडवाला: आधी अँटीबॉडीची शंका फेडा. त्याच स्लाइडवर एच३के९मी३ (हेटरोक्रोमॅटिनची खूण) रंगवा. क्रोमोसेंटर पूर्ण भरून रंगलं तर शिरकाव होतोय. मग किरण दिल्यावर ५ मिनिटांनी आणि ३० मिनिटांनी फिक्स केलेल्या पेशी शेजारी ठेवून बघा. आत की कडेला, हे एकेका कॉन्फोकल स्लाइसवरूनच (एकाच पातळीचं चित्र) ठरवा. प्रोजेक्शनमध्ये (सगळ्या स्लाइस एकावर एक रचलेलं चित्र) वर बसलेला ठिपकाही आतच वाटतो.

सॅटेलाइट२३४: क्रोमोसेंटरमध्ये अनेक गुणसूत्रांचे सेंट्रोमिअरलगतचे भाग एकत्र गोळा झालेले असतात आणि सगळीकडे तोच २३४ बेसजोड्यांचा मेजर सॅटेलाइट, हजारो वेळा. रॅड५१ हे दुरुस्तीचं प्रथिन जुळणारा क्रम शोधतं. इथे परक्या गुणसूत्रावरचाही जुळतो! चुकीची जोडी लागली की ट्रान्सलोकेशन (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल), नाहीतर दोन सेंट्रोमिअरचं गुणसूत्र. म्हणून टोकं कुरतडणं आत सुरू होतं, आरपीए (उघड्या एकेरी धाग्याला चिकटणारं प्रथिन) आत बसतं, रॅड५१ मात्र बाहेर आल्यावरच. ड्रोसोफिलात (फळमाशीत) एसएमसी५/६ हे प्रथिनसंकुल रॅड५१ला आत अडवून धरतं आणि काप अ‍ॅक्टिनच्या तंतूंवरून थेट केंद्रकाच्या आवरणापर्यंत जातो. उंदरात तो क्रोमोसेंटरच्या कडेपर्यंतच येतो.

जी२वाली: हे एस (डीएनएची नक्कल होण्याचा टप्पा) आणि जी२पुरतं (नकलेनंतरचा). जी१मध्ये (नकलेआधी) कॅस९ने (डीएनए कापणारं एन्झाइम) मेजर सॅटेलाइट कापला तर काप आतही राहतो, एनएचईजे ही दुरुस्ती टोकाला टोक जोडून मोकळं होतं. त्यामुळे सरसकट मोजणी निरुपयोगी. ईडीयू (नक्कल चालू असल्याची खूण) नाही पण सेन्प-एफ (जी२मध्ये दिसणारं प्रथिन) आहे, ती जी२ पेशी. आरपीए बघायचं असेल तर फिक्स करण्याआधी ०.५% ट्रायटन (साबणासारखं द्रव्य), बर्फावर, २-३ मिनिटं. नाहीतर मोकळ्या आरपीएने अख्खं केंद्रक चमकतं. जास्त ठेवलंत तर पेशी काचेवरून सुटतात.

पेट्रीडिश: आणि २४ तासांचे ठिपके?

स्लाइडवाला: हेटरोक्रोमॅटिनमधल्या संथ दुरुस्तीला एटीएम हे एन्झाइम लागतं, ते केएपी१ या प्रथिनाच्या सेरीन ८२४वर फॉस्फेट लावून तिथलं क्रोमॅटिन सैल करतं. किरणांच्या तासभर आधी केयू-५५९३३ (एटीएम रोखणारं रसायन), १० मायक्रोमोलर. ठिपके वाढतील. केएपी१ नॉकडाउन केल्यावर (पेशीतलं त्याचं प्रमाण घटवल्यावर) तीच वाढ नाहीशी झाली, तरच ते हेटरोक्रोमॅटिनच्या खात्यात धरा.