बंदूकधारकांच्या संघटनांनी सरकारशी बोलणी करावीत का?

मूळ मांडणी

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टूसान येथे ८ जानेवारी २०११ रोजी अमेरिकी संसदेच्या सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्यावर गोळीबार झाला, ६ जणांचा बळी गेला आणि दोन महिन्यांनी ओबामा प्रशासनाने बंदूकधारकांच्या संघटनांना चर्चेला बोलावले. अशीच एक संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे तेव्हाचे प्रमुख वेन लापिएर यांनी नकार दिला. ज्यांनी हयातभर शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती मोडीत काढण्याचा प्रयत्न केला, त्यांच्याबरोबर बसायचे कशाला, असा त्यांचा सवाल होता. मी शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा ठाम समर्थक आहे आणि तरीही तो नकार मला चुकीचा वाटतो, कारण कायदा आपल्या गैरहजेरीतही होतोच. फक्त त्यातले शब्द मग दुसरे लोक लिहितात.

१९९३ च्या ब्रेडी कायद्याचे उदाहरण घ्या. पिस्तूल खरेदीपूर्वी ५ दिवस थांबण्याची अट त्यात होती. पण आपल्या बाजूने ग्राहकाच्या पूर्वइतिहासाच्या तत्काळ संगणकीय तपासणीचा आग्रह धरला, तो मसुद्यात आला आणि नोव्हेंबर १९९८ पासून ती अट गेली. आज दुकानात ग्राहक ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरतो, विक्रेता एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो आणि बहुतेकांना काही मिनिटांत उत्तर मिळते. हे सभात्याग करून पदरात पडले नसते.

प्रतिसाद : विरोधी मत

आपण एकच उदाहरण दिलेत. उरलेला इतिहास उलट साक्ष देतो. १९८६ मध्ये बंदूकधारकांच्या संरक्षणासाठी म्हणून जो कायदा आणला गेला, त्यातच ऐन वेळी एक दुरुस्ती घुसवण्यात आली आणि १९ मे १९८६ नंतर नोंदवलेली मशीनगन सामान्य नागरिकाला कायमची बंद झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास व्हेगासच्या हत्याकांडानंतर रायफल असोसिएशननेच 'बंप स्टॉक'वर, म्हणजे रायफलमधून मशीनगनसारख्या झपाट्याने गोळ्या झाडू देणाऱ्या साधनावर, अधिक नियंत्रण हवे, असे निवेदन काढले. त्याचे फळ काय मिळाले? मार्च २०१९ पासून ते साधन सरसकट बेकायदा ठरले आणि कायदेशीरपणे विकत घेतलेली वस्तू लोकांना नष्ट करावी लागली किंवा सरकारजमा करावी लागली. तो नियम जून २०२४ मध्ये रद्द झाला तो टेक्सासमधल्या एका बंदूकविक्रेत्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडा दिला म्हणून. बोट दिले की हात धरणाऱ्यांपुढे बोट करायचेच कशाला? शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य करणारे निकाल, म्हणजे २००८ चा हेलर, २०१० चा मॅकडोनाल्ड, २०२२ चा ब्रुएन, हे सारे सर्वोच्च न्यायालयाने दिले, वाटाघाटींनी नव्हे.

प्रतिसाद

हेलरचा निकाल ५ विरुद्ध ४ असा लागला होता, हे विसरू नये. एका न्यायमूर्तींच्या मतावर टांगलेला हक्क पुरेसा सुरक्षित आहे, असे मला वाटत नाही. शिवाय हा हक्क अमर्याद नाही, हे त्याच निकालपत्रात लिहिलेले आहे.

प्रतिसाद : तिसरी बाजू

माझे बालपण महाराष्ट्रात गेले. तिथे परवान्यासाठी जिवाला धोका असल्याचे कारण दाखवावे लागते आणि ते पटवून घेणे न घेणे अधिकाऱ्याच्या हाती असते. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल बरोबर बाळगण्यासाठी ब्रुएनच्या निकालापर्यंत जवळपास हीच रीत होती. म्हणून माझ्यापुरती रेषा स्पष्ट आहे : कोणाच्या हाती बंदूक असू नये, यावर बोलावे, नागरिकाने कारण सांगावे की नाही, यावर मुळीच बोलू नये. एप्रिल २०१३ चा मॅन्चिन-टूमी मसुदा या रेषेच्या आत होता. बंदुकांच्या प्रदर्शनांतील आणि इंटरनेटवरील विक्रीला ग्राहकाची तपासणी लावताना, बंदूकधारकांची राष्ट्रीय नोंदवही करणाऱ्या अधिकाऱ्याला १५ वर्षांपर्यंत कैद, असे कलम त्यात होते. सिनेटमध्ये ५४ मते मिळूनही ६० चा उंबरठा न गाठल्याने तो पडला आणि ते संरक्षणही गेले. मला ती मोठी हानी वाटते.

प्रतिसाद : विरोधी मत, पुन्हा

रेषा आपण आखता. ती पाळायची की नाही, हे नंतर दुसरेच ठरवतात. टेक्सासमधल्या युव्हाल्डी येथील शाळेतल्या हत्याकांडानंतर जून २०२२ मध्ये तिथलेच रिपब्लिकन सिनेटर जॉन कॉर्निन यांनी नव्या बंदूक कायद्यासाठी वाटाघाटी केल्या आणि टेक्सासच्या रिपब्लिकन अधिवेशनात त्यांची हुर्यो उडाली. त्या कायद्यात 'बंदूकविक्रीचा व्यवसाय' या व्याख्येतले मोजके शब्द बदलले होते. २०२४ मध्ये त्याच शब्दांच्या आधारे परवान्याचे जाळे नफ्यासाठी बंदुका विकणाऱ्या खासगी व्यक्तींपर्यंत पसरवणारा नियम आला. लोक चिडले ते उगीच नव्हे.

मूळ लेखकाचे उत्तर

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, परंतु त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. ती व्याख्या बदलताना तिचा पुढे कसा अर्थ लावला जाईल, याची शब्दाशब्दावर खात्री करून घेणारा आपला वकील त्या खोलीत हवा होता. तोंडी आश्वासनावर भिस्त नको, मसुदा हाती आल्याशिवाय बैठक नको आणि प्रत्येक सवलतीच्या बदल्यात एक लेखी संरक्षण हवे, या अटींवर मी बोलणीच्या बाजूने आहे. आपण दिलेले बंप स्टॉकचे उदाहरण या अटींत बसत नाही, कारण २०१७ मध्ये असोसिएशनने बदल्यात कसलेही लेखी संरक्षण न घेता निवेदन देऊन टाकले होते. त्याला मी वाटाघाट म्हणणार नाही.