माणिकबाग महालाचा साधेपणा भारदस्त का वाटतो?

गवाक्ष: इंदूरच्या माणिकबाग महालाची १९३०च्या दशकातील छायाचित्रे नुकतीच पाहिली. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ऐन विशीत बर्लिनच्या एकार्ट म्युथेसियुस या तरुण वास्तुरचनाकाराकडे हे काम सोपवले आणि त्याने महिरपी, वेलबुट्टी, सोनेरी मुलामा यांना सरळ फाटा दिला. तरीही दालने ओकीबोकी वाटत नाहीत. असे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ओसरी: माझ्या मते त्याचे उत्तर एका खुर्चीत आहे. म्युथेसियुसने रेखलेल्या त्या लाल आरामखुर्चीत वाचनाचे दिवे खुर्चीतच बसवलेले आहेत, त्यामुळे शेजारी दिव्याचा खांबही नको आणि त्यासाठी तिपाईही नको. वस्तू कमी झाल्या त्या काढून टाकल्यामुळे नव्हे, तर एकीने दुसरीचे काम उचलल्यामुळे. शिवाय आपण पाहतो ती जुनी छायाचित्रे बहुतेक कृष्णधवल असल्याने हा लाल रंग आपल्या हिशेबातच येत नाही. आपण समजतो तितके ते घर फिकट नव्हते.

मापटे: खुर्चीबद्दल सहमत आहे, पण ‘साधेपणा’ हा शब्द जपून वापरावा. लुई सोन्यो आणि शार्लोत अलिक्स यांनी घडवलेले काच व धातूचे पलंग, आयलीन ग्रेची जहाजाच्या डेकवरील खुर्चीवरून सुचलेली आरामखुर्ची, इव्हान दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे, हे सारे युरोपातून मागवलेले होते. नक्षीवर होणारा खर्च येथे साहित्यावर आणि कारागिरीवर झाला, इतकेच. संस्थानी तिजोरी पाठीशी नसती तर हा संयम परवडला नसता! अर्थात, पैसा असूनही भपका न करणे ही यशवंतरावांची रसिकता होतीच, ती नाकारत नाही.

खानबावडी: इंदूरकर म्हणून एक भर घालतो. इमारत जागेवर आहे, पण तिथे आता केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. सामानाचा मोठा भाग १९८० साली मोनॅकोतील लिलावात विकला गेला. २०१९ साली पॅरिसमध्ये या संग्रहाचे प्रदर्शन भरले, तेव्हा विखुरलेल्या वस्तूंपैकी बऱ्याच पुन्हा एकत्र मांडल्या गेल्या.

गवाक्ष: आभारी आहे. आता छायाचित्रांत ती खुर्ची शोधतो.