सुई टोचलेल्या सशावरून माणसाची पाठ कळते का?

कशेरुका: इजेनंतर मणक्यांमधली चकती कशी झिजते, याचे बरेचसे प्रयोग एकाच साच्यातले असतात. सशाला भूल द्यायची, चकतीच्या बाहेरच्या कड्यात सुई खुपसायची, काही आठवड्यांनी एक्स-रे आणि एमआरआय काढून चकतीची उंची किती घटली ते मोजायचं. मग औषध टोचायचं आणि उंची जरा वाढली की खूश व्हायचं. माझ्या मते यातून कळते ती सुईची इजा. माणूस उंचावरून आदळतो किंवा वजनाखाली दबतो, तेव्हा बऱ्याचदा आधी तडकते ती एंडप्लेट, म्हणजे चकती आणि हाड यांच्यामधलं पातळ झाकण. मोठ्या माणसाच्या चकतीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, गराला, म्हणजे चकतीच्या मधल्या मऊ भागाला, अन्न मुख्यतः याच झाकणातून झिरपत मिळतं. ते तडकलं की गरातला दाब उतरतो आणि भार कड्यावर येतो. सुई कड्यातून जाते, झाकण शाबूत राहतं. मग तुलना कशाची करतोय आपण?

प्रयोगवही: इतकं सरसकट नको. सुई किती जाड, यावर सगळं अवलंबून आहे. 2008 मध्ये वेगवेगळ्या प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र ताडून पाहिले होते. सुईचा व्यास चकतीच्या उंचीच्या 40 टक्क्यांहून कमी असेल तर फारसा फरक दिसत नाही, असं त्यात निघालं. म्हणजे एकाच सुईने सशात ओरखडा आणि उंदराच्या शेपटीत विध्वंस. दोष हे गुणोत्तर न सांगणाऱ्यांचा आहे. आणि माणसाला सुईने काही होत नाही असं कुठंय? तपासणीसाठी चकतीत रंगद्रव्य टोचलेल्या लोकांचा पाठपुरावा 2009 मध्ये छापून आला. बारीक सुया वापरूनही दहा वर्षांनी टोचलेल्या चकत्या जास्त झिजलेल्या निघाल्या.

कशेरुका: अगदी मान्य. टोचल्यामुळे झिजलेल्या चकतीसाठी टोचलेला ससा उत्तम. जिन्यावरून पडलेल्याचं काय?

गुरांचा डॉक्टर: तुम्ही दोघं सुईवर अडकलात, प्राणी कोणता ते बघा की. उंदराच्या गरात नोटोकॉर्डच्या, म्हणजे गर्भात कण्याच्या आधी तयार होणाऱ्या दांड्याच्या, मोठ्या पेशी जन्मभर टिकतात, सशातही वयात आल्यावर बऱ्याच उरतात. माणसात त्या साधारण दहाव्या वर्षापर्यंत जवळजवळ संपतात. ज्याच्या गरात या पेशी आहेत, त्याची दुरुस्ती पाहून पन्नाशीच्या माणसाला आशा का दाखवायची? मेंढी बरी. 1990 मधला मेंढ्यांवरचा प्रयोग आठवा: कड्याच्या फक्त बाहेरच्या थरात 5 मिलिमीटर खोल चीर दिली. बाहेरून जखम सांधली, पण पुढच्या काही महिन्यांत कड्याचा आतला भाग फाटत गेला आणि गर बिघडला. वरून भरलेलं, आतून उसवत जाणारं. आठवड्यांत संपणाऱ्या प्रयोगाला हे दिसणारच नाही.

शिवाय डॅशहुंड कुत्र्यांना हा आजार आपसूक होतो, मागचे पाय लुळे पडून दवाखान्यात येतात. मालकांच्या संमतीने नवे उपचार त्यांच्यावर तपासा, निरोगी प्राण्याला जखमी करावंच लागत नाही.

प्रयोगवही: डॅशहुंडचा आजार जनुकातून येतो, एफजीएफ4 या जनुकाची जादा प्रत. त्यात इजा कुठे आली?

मुकी जनावरं: मला तर जिवंत प्राणीच का, हे कळत नाही. कत्तलखान्यातून आलेल्या बैलाच्या शेपटीच्या चकत्या यंत्रात आठवडे जिवंत ठेवता येतात. हवा तसा भार द्या, हवी तेवढी एंडप्लेट फोडा.

गुरांचा डॉक्टर: पेशी कशा मरतात ते तिथे दिसेल. पण त्या चकतीला मज्जातंतू जोडलेले नाहीत, रक्तातून येणाऱ्या पेशी नाहीत. दुखतंय का, हे कोणाला विचारणार?

कशेरुका: सशाला तरी कुठे विचारतात! बहुतेक निबंधांत उंची मोजून थांबतात. 1994 मध्ये पाठ न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तेव्हा सगळ्या चकत्या ठीक असलेले जेमतेम 36 टक्के होते. फोटो बिघडलेला आणि माणूस धडधाकट.

प्रयोगवही: दुखणं मोजणारे आहेत. उंदराची हालचाल, पायाला स्पर्श केल्यावर तो पाय किती पटकन मागे घेतो, हे टिपतात. पण मेंढी वर्ष-दीड वर्ष पोसायची तर अनुदान तोवर संपतं. सशांवर त्याच काळात तीन निबंध होतात. निवड बऱ्याचदा इथेच ठरते.

मुकी जनावरं: मग प्रस्तावातही तसंच लिहा, "ससा स्वस्त पडतो". नैतिक समितीसमोर मात्र सगळे "मानवी चकतीशी साम्य" असं लिहितात.